ऑडिटरला मत कशाच्या आधारावर द्यायचं?

पाटीपेन्सिल

आम्ही मॅसॅच्युसेट्सचे. नागरिकत्व मिळालं, मतदार नोंदणी झाली, आता राज्याच्या निवडणुकीत मत द्यायचंय. गव्हर्नर समजतो, ॲटर्नी जनरलही समजतो. पण राज्याचा ऑडिटरसुद्धा मतदारांनी निवडायचा, तोही पक्षाच्या तिकिटावर, हे काही केल्या माझ्या पचनी पडत नाही.

ऑडिट म्हणजे परीक्षा देऊन, वर्षानुवर्षं वह्या चाळून शिकायचं काम. लोकलचा मोटरमन उद्या मतदानाने ठरवायचा म्हटलं तर आपण त्या गाडीत बसू का? आपल्याकडे कॅग नेमला जातो, महापालिकेचा मुख्य लेखापरीक्षकही नेमला जातो. इथला ऑडिटर मात्र गावोगाव फिरून हात हलवणार, देणग्या गोळा करणार, आणि निवडून आला की निःपक्षपाती तपासणी करणार!

त्यात २०२४ च्या नोव्हेंबरात आमच्याकडे मतदारांना विचारलं होतं, की ऑडिटरला विधिमंडळाचंही ऑडिट करू द्यावं का. जवळजवळ ७२ टक्के लोक हो म्हणाले. विधिमंडळाने दाद दिली नाही ती नाहीच.

तर शंका दोन. हे पद निवडून द्यायचं कुणाच्या डोक्यात आलं आणि का? आणि मत देताना मी उमेदवाराचं नेमकं बघू काय? सीपीए, म्हणजे इथला सीए, आहे का ते? पक्ष? चेहरा?

टोप्या

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत ऑडिटर वार्षिक सभेतच ठरतो. सेक्रेटरी सरकारी पॅनेलवरचं एक नाव वाचतो, एक सूचक, एक अनुमोदक, तोवर बटाटेवडे येतात. अमेरिका अजून मागे आहे.

जुनी_फाइल

पहिल्या शंकेबद्दल. सुरुवातीला हे पद निवडणुकीचं नव्हतंच. पेनसिल्व्हेनियात ऑडिटर जनरल १८०९ पासून आहे, लोक त्याला निवडायला लागले १८५० पासून. तुमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये पद १८४९ चं, निवडणूक १८५५ च्या घटनादुरुस्तीपासून. तारखा बघा, सगळं एकाच काळातलं. कालवे आणि रेल्वे बांधायला राज्यांनी बेसुमार कर्जं काढली होती. १८३७ च्या मंदीत सगळं कोसळलं आणि पेनसिल्व्हेनियासकट बऱ्याच राज्यांनी व्याज थकवलं. लोकांचा गव्हर्नरवरचाही विश्वास उडाला आणि विधिमंडळावरचाही. मग नव्या राज्यघटना लिहिताना सूत्र ठरलं, की सत्ता एका हातात ठेवायची नाही. खजिनदार वेगळा निवडा, वकील वेगळा निवडा, हिशेब बघणाराही वेगळा निवडा. गव्हर्नरने नेमलेला माणूस गव्हर्नरच्या वह्या काय तपासणार, हा साधा विचार. आज साधारण निम्म्या राज्यांत ऑडिटर निवडून येतो.

मोटरमनचं मला पटलं नाही. निवडून आलेला ऑडिटर स्वतः व्हाउचर तपासत बसत नाही. त्याच्या हाताखाली पगारी, शिकलेली माणसं असतात आणि त्यांना जीएओने, म्हणजे केंद्राच्या ऑडिट कार्यालयाने, घालून दिलेले नियम पाळावे लागतात, त्यालाच सगळे ‘यलो बुक’ म्हणतात. दर तीन वर्षांनी बाहेरचे ऑडिटर येऊन या कार्यालयाचं काम तपासून जातात. साहेब ठरवतो ते एवढंच, की यंदा कुठल्या खात्यात शिरायचं, अहवालावर सही कधी करायची आणि कागद दिले नाहीत तर आरडाओरडा किती करायचा. तुमच्याकडे १९८७ ते २०११ अशी सलग २४ वर्षं ऑडिटर होते जो डेनुची. पूर्वाश्रमीचे मिडलवेट मुष्टियोद्धे!

टोप्या

मुष्टियोद्धा ऑडिटर! व्हाउचर दाखवा नाहीतर... आमच्या सेक्रेटरीला हाच हवा.

खडूस_आजोबा

मी नागपूरला लेखापरीक्षेत आयुष्य घालवलं, तेव्हा माझं मत एका बाजूला झुकलेलं असणार, आधीच सांगतो.

ऑडिटरला पुढची खुर्ची दिसता कामा नये. आपल्या घटनाकारांनी हे नीट ओळखलं होतं. अनुच्छेद १४८ वाचा. कॅगला काढायचं तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढायची पद्धत. पगार सरकारला मध्येच कमी करता येत नाही. कायद्याने मुदत सहा वर्षं किंवा वयाची पासष्टी, जे आधी येईल ते. आणि पद सोडल्यावर केंद्र वा राज्य सरकारातलं कुठलंही पद नाही. डॉ. आंबेडकर घटना समितीत म्हणाले होते की घटनेतला हा बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे.

आमच्या ऑडिट पार्ट्या, म्हणजे तपासणी पथकं, जिल्ह्याजिल्ह्यांत जायच्या. तालुक्याच्या ऑफिसात आम्हाला हमखास पंखा न चालणारी खोली मिळायची. तिथे बसून हाफ मार्जिन काढायचे. म्हणजे अर्ध्या पानावर आमचा आक्षेप, उरलेलं अर्धं पान खात्याच्या उत्तरासाठी कोरं. कोऱ्या भागात बहुतेक वेळा एकच ओळ यायची, ‘अभिलेख पडताळून अनुपालन सादर करण्यात येईल.’ ते अनुपालन यायला इतकी वर्षं जायची की आक्षेप काढणारा आणि उत्तर देणारा, दोघांची पेन्शन सुरू झालेली असायची. पण त्या पानावर काय लिहायचं हे ठरवताना मतदार, देणगीदार, टीव्हीवाला, कुणीही आमच्या डोक्यावर बसलेला नव्हता. हे मोल कमी नाही.

कोकम_सरबत

आजोबा, मुद्दा मान्य. मी मिझुरीत राहतो. आमच्याकडे ही खुर्ची म्हणजे पुढच्या खुर्चीची शिडीच. किट बाँड ऑडिटर होते, गव्हर्नर झाले, मग सेनेटर. त्यांच्या मागून आलेले जॉन ॲशक्रॉफ्ट तर पुढे देशाचे ॲटर्नी जनरल झाले. क्लेअर मॅकॅस्किल ऑडिटरच्या खुर्चीतून थेट सेनेटमध्ये. निकोल गॅलोवे यांनी २०२० मध्ये गव्हर्नरपद लढवलं, पडल्या. पेनसिल्व्हेनियात तर बॉब केसी बाप आणि बॉब केसी मुलगा, दोघंही ऑडिटर जनरल होते. पुढे बाप गव्हर्नर, मुलगा सेनेटर.

रानभूल

मिनेसोटा राहिलं की. आर्नी कार्लसन आणि मार्क डेटन, दोघंही आधी ऑडिटर, मग गव्हर्नर. एक रिपब्लिकन, एक डेमोक्रॅट. शिडी सर्वपक्षीय आहे.

आमच्याकडे गंमत अशी की निवडून आलेला स्टेट ऑडिटर मुख्यतः काउंट्या, शहरं, शाळा असल्या स्थानिक संस्थांवर लक्ष ठेवतो. राज्याच्या खात्यांचं ऑडिट करायला विधिमंडळाने नेमलेला वेगळा ‘लेजिस्लेटिव्ह ऑडिटर’ आहे. मुलांच्या जेवणाच्या नावाखाली २५ कोटी डॉलर लाटल्याचं ‘फीडिंग अवर फ्यूचर’ प्रकरण आठवत असेल. राज्याच्या शिक्षण खात्याने त्यात देखरेख किती ढिली ठेवली यावर जून २०२४ मध्ये सणसणीत अहवाल आला, तो या नेमलेल्या ऑडिटरच्या कार्यालयाचा. लोक मात्र फेसबुकवर निवडून आलेल्या ऑडिटरला शिव्या घालत होते.

वरणफळ

आजोबा, एक विचारू? पुढची खुर्ची दिसता कामा नये म्हणता, मग विनोद राय? कॅगपदावरून २०१३ ला उतरले आणि २०१६ ला सरकारनेच नेमलेल्या बँक्स बोर्ड ब्युरोचे (सरकारी बँकांच्या वरच्या नेमणुका सुचवणारं मंडळ) अध्यक्ष झाले.

आणि नेमणूक करतं कोण? ज्याचे हिशेब तपासायचे तेच सरकार. ना कुठली निवड समिती, ना विरोधी पक्षनेता. बरेचदा आयुष्यभर मंत्रालयांत सचिवपदं भूषवलेला आयएएस कॅग होतो आणि आपल्याच जुन्या फायलींवर बसतो.

खडूस_आजोबा

वरणफळ, नेमणुकीच्या पद्धतीवर तुम्ही म्हणता ते खरं आहे. आमच्या खात्यातच त्यावरून धुसफूस असायची, की ऑडिटच्या केडरमधला माणूस कॅग का होत नाही. पण घराचं दार नीट बसत नाही म्हणून कुणी भिंत पाडत नाही. निवड समिती आणा, मी सही करतो.

शिकागोचा_वारा

भिंत आम्ही पाडून पुन्हा बांधलीये, म्हणून लिहितो.

इलिनॉयमध्ये पूर्वी ‘ऑडिटर ऑफ पब्लिक अकाउंट्स’ निवडून यायचा. १९५२ मध्ये ऑरव्हिल हॉज निवडून आले. बोलघेवडे, दिलदार, पुढचे गव्हर्नर म्हणून लोक त्यांच्याकडे बघायचे. आता या पदाची रचना बघा. राज्याचे पैसे देण्याचे आदेश, म्हणजे वॉरंट, काढायचे ते ऑडिटरनेच. राज्याच्या बँकांवर देखरेखही त्याचीच. थोडक्यात चेक लिहिणारा, चेक वटवणाऱ्या बँकेवर डोळे वटारणारा आणि हिशेब बरोबर आहे म्हणणारा माणूस एकच!

हॉजनी काय केलं? राज्याशी कधीतरी व्यवहार झालेल्या खऱ्याखुऱ्या माणसांच्या नावाने खोटे वॉरंट काढले आणि शिकागोतल्या एका बँकेत वटवले. ज्यांची नावं होती त्यांना पत्ताच नाही. त्यातून गाड्यांचा ताफा आला, दोन विमानं आली. १९५६ मध्ये ‘शिकागो डेली न्यूज’च्या जॉर्ज थीम या बातमीदाराने वॉरंटवरच्या नावांचा माग काढला आणि सगळं उघड्यावर आलं. रक्कम दहा लाख डॉलरच्या पुष्कळ वर गेली. हॉजना तुरुंग झाला, वर्तमानपत्राला पुलित्झर मिळालं.

१९७० च्या नव्या राज्यघटनेत लोकांनी ते पदच मोडीत काढलं. पैसे देणारा कॉम्प्ट्रोलर वेगळा, तो निवडून येतो. तपासणारा ऑडिटर जनरल वेगळा, त्याला विधिमंडळ तीन पंचमांश बहुमताने दहा वर्षांसाठी नेमतं. त्यामुळे पाटीपेन्सिल, निवडून की नेमून हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. त्याच्या हातात तिजोरीची किल्ली आहे का, हे आधी विचारा.

नाक्यावरचा_चहा

वाचनखूण साठवली. हॉजसाहेबांची दोन विमानं वाचून आमच्या तालुक्यातल्या एका पतसंस्थेचे चेअरमन आठवले. त्यांच्याकडे विमान नव्हतं एवढाच फरक. ऑडिट वर्ग मात्र दरवर्षी ‘अ’.

सीए_कोथरूड

@नाक्यावरचा_चहा, ‘अ’ वर्गावर हसू नका, त्याच्याच जोरावर ठेवी गोळा होतात. सहकारी संस्थांत अहवालानंतर संस्थेने ‘ओ’ फॉर्ममध्ये दोषदुरुस्ती अहवाल द्यायचा असतो. कधी बघितलाय तुमच्या संस्थेचा? आक्षेप काय होता आणि दुरुस्त काय झालं, दोन्ही समोरासमोर असतं. सभासद म्हणून मागा. सेक्रेटरीचा चेहरा बघण्यासारखा होतो.

अश्विनी_बॉथेल

मी वॉशिंग्टन राज्यात एका स्कूल डिस्ट्रिक्टच्या अकाउंट्समध्ये आहे, त्यामुळे स्टेट ऑडिटरची माणसं म्हणजे आमच्याकडे दरवर्षीचे पाहुणे. पाहुणे आणि बिलही आमच्याच नावावर, कारण स्थानिक संस्थांना ऑडिटचे तासाप्रमाणे पैसे मोजावे लागतात.

लोकांना वाटतं ऑडिटर मोठे घोटाळे शोधतात. आमच्याकडे त्यांचा जास्त वेळ जातो तो मुलांच्या पैशांत. इथे प्रत्येक शाळेत विद्यार्थी संघटनेचा ‘एएसबी’ निधी असतो. मॅचची तिकिटं, नाचाची वर्गणी, कपकेक विकून जमलेले पैसे, सगळा सार्वजनिक पैसा. ऑडिटरबाई येतात आणि तिकिटांचा रोल मागतात. मॅचच्या आधी पहिल्या तिकिटाचा नंबर काय, नंतर शेवटचा काय, मधल्या आकड्याला दराने गुणलं तर किती, आणि बँकेत भरले किती? तिकीट फाडणारी आणि नोटा मोजणारी व्यक्ती एकच होती का? एकदा आमच्याकडे नाचाच्या कार्यक्रमाची रोकड शनिवार-रविवार एका शिक्षकाच्या टेबलाच्या खणात राहिली होती. एक डॉलरही कमी नव्हता, तरी लेखी नोंद झालीच.

नोंदीचे आमच्याकडे तीन प्रकार. किरकोळ असेल तर शेवटच्या बैठकीत ‘एक्झिट आयटम’. त्याहून वर ‘मॅनेजमेंट लेटर’. सर्वांत जड ‘फाइंडिंग’. ते अहवालात छापून वेबसाइटवर येतं, खाली आमचं उत्तर आणि त्याखाली त्यांचा शेरा. फाइंडिंग आलं की सुपरिंटेंडेंटपासून शिपायापर्यंत सगळ्यांचा आवाज बसतो.

ही सगळी मंडळी पगारी. वरचा साहेब कोण आहे याने तिकिटाच्या रोलला फरक पडत नाही. आणि वरचा साहेब कसा असू शकतो तेही ऐका. २०१२ मध्ये निवडून आलेल्या ट्रॉय केली यांच्यावर २०१५ मध्ये, पदावर असतानाच, फेडरल आरोपपत्र आलं. प्रकरण पदावर यायच्या आधीच्या खासगी धंद्यातलं होतं. राजीनामा दे म्हणून गव्हर्नरपासून सगळे मागे लागले, यांनी दिला नाही. निवडून आलेला माणूस, काढणार कोण? रजेवर गेले, परत आले, मुदत पूर्ण केली. २०१७ मध्ये दोषी ठरले. त्या काळातही आमच्याकडे ऑडिट ठरल्या आठवड्यात आलं आणि रोल मागितला गेला.

टोप्या

मग ऑडिटरचं ऑडिट कोण करतं?

अश्विनी_बॉथेल

२०२१ मध्ये आम्ही सगळे हेच विचारत होतो. बेकारभत्त्याचे पैसे चोरांनी कसे पळवले याची तपासणी करायला ऑडिटरच्या कार्यालयाने सगळ्या अर्जदारांची माहिती मागवून घेतली. ती बाहेरच्या कंपनीच्या फाइल पाठवायच्या सॉफ्टवेअरमधून फुटली. दहा लाखांहून जास्त लोकांचे सोशल सिक्युरिटी नंबर. त्यात मीही होते.

जर्सीतली_काकू

आमच्या न्यू जर्सीत भानगडच नाही. स्टेट ऑडिटर विधिमंडळ नेमतं, स्टेट कॉम्प्ट्रोलर गव्हर्नर नेमतो. आम्ही मत द्यायचं गव्हर्नरला, त्याच्यासोबत लेफ्टनंट गव्हर्नर आपसूक. प्रॉपर्टी टॅक्स मात्र देशात सगळ्यांत जास्त. आता यावरून काय निष्कर्ष काढायचा तो काढा.

मिसिसिपी_मामा

निवडून येणाऱ्याची बाजू कुणी मांडेना, मी मांडतो. मिसिसिपीतलं कल्याणनिधीचं प्रकरण. गरीब कुटुंबांसाठी केंद्राकडून येणारा पैसा, किमान ७.७ कोटी डॉलर, भलतीकडे गेला. विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल कोर्टासाठी ५० लाख. फुटबॉलपटू ब्रेट फार्व्ह यांना ११ लाख, जी भाषणं त्यांनी दिलीच नाहीत असं ऑडिटमध्ये नोंदलं गेलं त्यांच्यापोटी. ही रक्कम त्यांनी नंतर परत केली. त्यांच्यावर फौजदारी गुन्हा नाही, आणि पैसा कुठून येतोय ते ठाऊक नव्हतं असं त्यांचं म्हणणं आहे. खात्याचे माजी संचालक जॉन डेव्हिस यांनी २०२२ मध्ये गुन्हा कबूल केला.

हे बाहेर काढलं निवडून आलेल्या शॅड व्हाइट या ऑडिटरच्या कार्यालयाने. त्याच्याकडे तपासाला बिल्ला लावलेले अधिकारी आहेत, ते २०२० च्या फेब्रुवारीत लोकांना अटक करून मोकळे झाले. आजोबा, तुमच्या हाफ मार्जिनला हे जमलं असतं का?

वरणफळ

मामा, अर्धीच गोष्ट सांगितलीत. व्हाइटना २०१८ मध्ये त्या पदावर पहिल्यांदा बसवलं ते गव्हर्नर फिल ब्रायंट यांनी. निवडणूक पुढे २०१९ मध्ये झाली. त्याआधी व्हाइट ब्रायंट यांच्याच प्रचाराचं काम बघायचे. आणि ते कल्याण खातं होतं ब्रायंट यांच्याच हाताखाली. जाता जाता, ब्रायंट स्वतःसुद्धा माजी स्टेट ऑडिटर!

मिसिसिपी_मामा

बरोबर आहे, आणि म्हणूनच इथे वर्षानुवर्षं वाद चालू आहे की तपास वरपर्यंत गेला का. पण खबर ब्रायंट यांच्याकडूनच ऑडिटरकडे गेली हेही त्यात लिहा. साधं काही नाही यात.

खडूस_आजोबा

मामा, अटक करणं हे ऑडिटरचं काम नव्हे. आम्ही पॅरा, म्हणजे अहवालातला आक्षेप, काढायचा, विधिमंडळाच्या लोकलेखा समितीने सचिवाला बोलावून घाम फोडायचा, अशी वाटणी आहे.

वरणफळ

आजोबा, घाम कधी फुटतो? कॅगचा राज्यावरचा अहवाल राज्यपालांकडे जातो, तिथून सभागृहात. किती दिवसांत मांडायचा याची मुदत अनुच्छेद १५१ मध्ये नाही. महाराष्ट्रात तो बहुतेक अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतो, आमदार गाड्यांत सामान टाकत असताना. मांडेपर्यंत कॅगने गप्प बसायचं. इथला निवडून आलेला ऑडिटर अहवाल तयार झाला की वेबसाइटवर टाकतो आणि दुपारी पत्रकार परिषद घेतो. मला हा फरक फार मोठा वाटतो.

खडूस_आजोबा

यावर माझ्याकडे उत्तर नाही. शेवटच्या दिवसाचं दुखणं आम्ही आतून पाहिलंय.

हॉकआय_हणमंत

आयोवातून. वेबसाइटवर टाकायला आधी कागद मिळाले पाहिजेत. आमचे ऑडिटर रॉब सँड हे २०२२ नंतर राज्यभरातून निवडून आलेले एकटे डेमोक्रॅट उरले. २०२३ मध्ये रिपब्लिकन विधिमंडळाने कायदा केला, की अमुक प्रकारची खासगी माहिती ऑडिटरला मागता येणार नाही, आणि राज्याच्या खात्याने कागद नाकारले तर ऑडिटरने कोर्टात न जाता तिघांच्या लवादापुढे जायचं. बाजू घेणारे म्हणाले नागरिकांच्या खासगीपणासाठी. सँड म्हणाले भ्रष्टाचार झाकण्यासाठी. निवडून आलात हो, पण अधिकार किती उरले ते विधिमंडळ ठरवतं.

जुनी_फाइल

हणमंतांनी अगदी नेमकं बोट ठेवलं. पाटीपेन्सिलच्या राज्यातलं भांडण तेच आहे, फक्त तिथे दोन्ही बाजूंना डेमोक्रॅटच.

ऑडिटर डायना डिझोग्लिओ आधी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत सदस्य होत्या. त्याहीआधी तिथेच एका आमदाराच्या मदतनीस. नोकरीवरून काढलं तेव्हा तोंड बंद ठेवण्याच्या करारावर सही घेतली गेली. २०१८ मध्ये आमदार म्हणून भर सभागृहात उभं राहून त्यांनी तो करार मोडला आणि सगळं बोलून दाखवलं. २०२२ मध्ये ऑडिटर म्हणून निवडून आल्या आणि पहिली मोहीम विधिमंडळावर. विरोधक म्हणतात जुना हिशेब चुकता करताहेत. समर्थक म्हणतात, आत काय चालतं हे माहीत असलेलीच बाई हवी होती.

विधिमंडळाचं म्हणणं, ऑडिटर कार्यपालिकेतली, तिने आमच्यात डोकावणं म्हणजे सत्ताविभाजनाला धक्का. हे अगदीच पोकळ नाही. त्यांच्या आधीच्या ऑडिटर सुझन बम्प यांचंही मत होतं की या पदाला तो अधिकार नाही. मग लोकांनी मतदान करून कायद्यात ‘विधिमंडळसुद्धा’ असं घातलं. तरी कागद मिळेनात. कोर्टात जायचं तर राज्याची वकील ॲटर्नी जनरल, म्हणजे अँड्रिया कॅम्पबेल. त्यांनी विचारलं, नेमकं काय तपासणार ते आधी स्पष्ट करा. निवडून आलेली ऑडिटर, निवडून आलेलं विधिमंडळ, निवडून आलेली ॲटर्नी जनरल. प्रत्येकीच्या मागे जनादेश, आणि कपाटाची किल्ली कुणीच देत नाही!

रानभूल

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

अश्विनी_बॉथेल

अवांतर: आमच्याकडे नवीन आलेल्यांसाठी. काउंटी ऑडिटर हा आणखी वेगळा प्राणी. बऱ्याच काउंट्यांत तोच निवडणुका घेतो, घराची कागदपत्रं नोंदवतो आणि गाडीच्या नोंदणीचे टॅब्सही त्याच्याच अखत्यारीत. टपालाने आलेल्या मतपत्रिकेच्या पाकिटावर ऑडिटर लिहिलेलं बघून आमच्या शेजाऱ्यांना वाटलं इन्कमटॅक्सची नोटीस आली, दोन दिवस उघडलंच नाही.

नाक्यावरचा_चहा

मीही उघडलं नसतं.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे आभार, धागा कुठल्या कुठे गेला. मोटरमनचं मी मागे घेत नाहीये. शिकलेली माणसं खाली आहेत म्हणून वर कुणीही चालतो, हे काही मला पटलेलं नाही. आणि विधिमंडळाच्या ऑडिटबद्दल माझं मत हो असंच असतं, पण ‘माझ्यावर अन्याय झाला’ हे ऑडिटरच्या तोंडी मला टोचतं.

पण दुसऱ्या शंकेचं काय? बघू काय?

अश्विनी_बॉथेल

मी बघते ते सांगते. सध्याचा ऑडिटर पुन्हा उभा असेल तर त्याच्या कार्यालयाचे जुने अहवाल उघडायचे. पत्रकार परिषदा नाही, अहवाल. त्यात खात्यांनी ‘आम्ही सुधारणा करू’ म्हटलेलं असतं. सहा महिन्यांनी, वर्षाने ऑडिटर परत तिथे गेला का? पाठपुरावा केल्याची नोंद आहे का? मथळे मिळवणारा माणूस परत जात नाही, कारण परत जाण्यात बातमी नसते. नवा उमेदवार असेल तर तो कुठली खाती तपासणार म्हणतो ते ऐका. फक्त विरोधी पक्षाची माणसं बसलेली खाती मोजत असेल तर राम राम.

खडूस_आजोबा

अश्विनीताईंशी पूर्ण सहमत. आणखी एक भर. त्याच्या स्वतःच्या पक्षाच्या सरकारवर त्याने कधी जड आक्षेप काढलाय का ते शोधा. एकच पुरे. सीपीए वगैरे असेल तर उत्तम, पण मी पाहिलेले सर्वांत भित्रे लोक सगळ्या परीक्षा पहिल्या प्रयत्नात पास झालेले होते.

शिकागोचा_वारा

+१. आणि देणगीदारांची यादी. राज्याची कंत्राटं घेणाऱ्या कंपन्या ऑडिटरच्या प्रचाराला पैसे का देताहेत, हा प्रश्न स्वतःला विचारायचा. यादी सार्वजनिक असते, अर्ध्या तासाचं काम.

पाटीपेन्सिल

हे उपयोगी. शनिवारी बसते. @कोकम_सरबत, मिझुरीत लोक स्वतः ऑडिटची मागणी करू शकतात असं कुठेतरी वाचलं, खरं का?

कोकम_सरबत

खरं आहे. गाव, शाळा, पाणीपुरवठा मंडळ, कशाचंही. ठरावीक संख्येने तिथल्या मतदारांच्या सह्या गोळा करून अर्ज दिला आणि सह्या खऱ्या निघाल्या की ऑडिटरला यावंच लागतं. पक्षबिक्ष काही नाही. फक्त खर्च त्या गावाच्या माथी पडतो. म्हणजे तक्रार तुमची आणि बिल तुमच्याच करातून, त्यामुळे सह्या मागायला गेलं की पहिला प्रश्न ‘किती येईल?’ हाच असतो. आमच्या शेजारच्या एका लहान गावात यावरून पाणीपट्टीच्या रांगेत हातघाई झाली होती, म्हणजे अगदी कॉलर धरण्यापर्यंत.

टोप्या

तिथे डेनुचींना पाठवायला हवं होतं.

सीए_कोथरूड

कोकम, एक शंका. सह्या दिल्यावर लोक मागे घेऊ शकतात का? आमच्याकडे सोसायटीच्या चौकशीच्या अर्जावर सह्या करणारे निम्मे जण दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीला जाऊन सांगतात, ‘मी वाचलं नव्हतं.’